सर्वांना सांभाळून घेणारा माणूस : यशवंतराव चव्हाण



नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. दोन तारखेला आपण दफनभूमीत जातो, आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. याच महिन्याच्या पंचवीस तारखेला, १९८४ साली, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि पुढे देशाचे उपपंतप्रधान झालेले यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांचे दिल्लीत निधन झाले. ते आपल्या धर्मग्रामातले नव्हते आणि आपल्या धर्माचेही नव्हते. तरीही या महिन्यात त्यांची आठवण काढावी असे आम्हाला वाटते. आपण दाखल्यासाठी किंवा विहिरीच्या अर्जासाठी पंचायत समितीच्या पायऱ्या चढतो, आपली मुले कोल्हापूरला जाऊन शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतात, आपल्यातल्या कित्येकांची शाळेची फी एके काळी माफ झाली होती. या साऱ्या गोष्टींची सुरुवात यशवंतरावांच्या कारकिर्दीत झाली. आजच्या तरुणांना त्यांचे नाव संस्थांच्या आणि सभागृहांच्या पाट्यांवर वाचून ठाऊक असते, माणूस मात्र ठाऊक नसतो.

त्यांचे चरित्र वाचताना एक गुण पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतो, तो म्हणजे सर्वांना सांभाळून घेण्याचा. या गुणामुळे त्यांच्या हातून फार मोठी कामे झाली, आणि याच गुणाने एका कठीण प्रसंगी त्यांना गप्पही बसवले. या दोन्ही बाजू आम्ही येथे सांगणार आहोत, कारण मृतांचे स्मरण म्हणजे नुसती स्तुती नव्हे.

देवराष्ट्रे ते कोल्हापूर

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. मुले लहान असतानाच प्लेगच्या साथीत ते गेले. आई विठाई लिहायला वाचायला शिकलेली नव्हती, पण तिने मुलांना धीराने वाढवले. थोरले बंधू ज्ञानोबा यांनी नोकरी करून घर चालवले, मधले गणपतराव आणि धाकटे यशवंतराव. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. शाळेत एकदा, मोठेपणी कोण होणार, असे मुलांना विचारले गेले. कुणी थोर पुढाऱ्याचे नाव घेतले, कुणी लेखकाचे. या मुलाने आपण यशवंतराव चव्हाणच होणार, असे उत्तर दिले. गर्विष्ठ वाटावे असे ते उत्तर आहे, पण दुसऱ्याची नक्कल न करण्याचा निश्चयही त्यात आहे.

१९३० च्या कायदेभंगापासून ते चळवळीत होते. त्या काळी २६ जानेवारी हा दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जाई. १९३२ साली त्या दिवशी तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. माफी मागितली तर सुटका होईल, असा निरोप आला तेव्हा आई तुरुंगाबाहेरून भेटायला आली होती. मुलाने माफी मागावी असे तिने म्हटले नाही, उलट माफी कशाबद्दल, असाच तिचा पवित्रा होता. अक्षरओळख नसलेल्या एका विधवेने पोटच्या मुलाला दिलेला हा धडा आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढे या लेखात त्याची पुन्हा आठवण येणार आहे.

येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन यांच्यासारख्यांचा सहवास लाभला. तेथे त्यांनी भरपूर वाचले, वाद ऐकले, समाजवाद समजून घेतला. सुटल्यावर १९३४ साली ते मॅट्रिक झाले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते आणि आपला गगनबावडा त्याच संस्थानातली जहागीर. इतिहास व राज्यशास्त्र हे विषय घेऊन १९३८ साली ते बी. ए. झाले. पुढे पुण्याला कायद्याचे शिक्षण घेऊन १९४१ साली वकील झाले. या काळात सत्यशोधक विचार, गांधीजींचा विचार आणि काही दिवस मानवेंद्रनाथ रॉय यांचा विचार, असे सारे त्यांनी पारखून पाहिले. कोणाही विरुद्ध मताच्या माणसाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्याची सवय त्यांना इथेच लागली असावी, असे आम्हाला वाटते.

घरादाराने दिलेली किंमत

२ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला. दोनच महिन्यांनी चले जाव चळवळ सुरू झाली आणि यशवंतराव भूमिगत झाले. साताऱ्यात चळवळीने उग्र रूप घेतले होते. पोलिसांना नवरा सापडेना, म्हणून त्यांनी नव्या नवरीला पकडून नेले. लग्नानंतरची पहिली संक्रांत वेणूताईंनी अटकेत काढली. बंधू गणपतराव तुरुंगात गेले. थोरले ज्ञानोबा त्याच काळात शस्त्रक्रियेनंतर वारले. वेणूताई सुटल्या त्या आजारी होऊनच. त्यांना भेटायला १९४३ साली यशवंतराव फलटणला गेले आणि तेथे पकडले गेले.

राजकारणी माणसाचे चरित्र सांगताना आपण पदे मोजतो. पण त्या पदांच्या खाली कुणाकुणाचे आयुष्य गाडलेले असते ते मोजत नाही. यशवंतराव व वेणूताई यांना पुढे अपत्य झाले नाही. वेणूताई सार्वजनिक जीवनात फारशा कधी पुढे आल्या नाहीत. तरी ४१ वर्षांचा हा संसार त्यांच्या सर्व कामाचा आधार होता, असे यशवंतरावांच्या स्वतःच्या लेखनावरून दिसते.

मुंबईचे मंत्रालय आणि महाराष्ट्राचा जन्म

१९४६ साली ते मुंबई प्रांताच्या विधानसभेत निवडून आले. मोरारजी देसाई गृहमंत्री होते, त्यांचे संसदीय सचिव म्हणून यशवंतरावांनी काम सुरू केले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, म्हणजे आपला मुलूख त्या राज्याचा भाग झाला. १९५२ साली कराडमधून निवडून आल्यावर यशवंतराव पुरवठामंत्री झाले. धान्याच्या टंचाईचे आणि रेशनचे ते दिवस होते.

१९५६ साली मोठा पेच उभा राहिला. मराठी माणसाला मुंबईसह महाराष्ट्र हवा होता. दिल्लीला तो द्यायचा नव्हता. मुंबईत गोळीबार झाले, शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांचे स्मारक आज हुतात्मा चौकात आहे. तडजोड म्हणून गुजरात, महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा यांचे एक विशाल द्विभाषिक राज्य करण्यात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले. ज्या राज्याला मराठी माणूस मनाने मान्यता देत नव्हता, ते राज्य एका मराठी माणसाने चालवायचे होते. नेहरूंची बाजू घेतली म्हणून लोकांचा रोष त्यांच्यावर होता. आचार्य अत्र्यांच्या 'मराठा' पत्राने त्यांना सोलून काढले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली आणि खुद्द यशवंतराव कराडमध्ये थोड्या मतांनी वाचले.

अशा वेळी हातात पोलीस असलेला माणूस काय करतो, यावर त्याची परीक्षा होते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी पंडित नेहरू येणार होते. संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रचंड निदर्शने जाहीर केली. ती बळाने मोडून काढणे सरकारला शक्य होते. यशवंतरावांनी निदर्शने होऊ दिली आणि समितीच्या नेत्यांनीही ती शांततेने पार पाडली. रक्त सांडले नाही. नेहरूंना मात्र मराठी मनाची तळमळ डोळ्यांनी दिसली. पुढे द्विभाषिक राज्य चालवून पाहिल्यावर ते लोकांच्या मनात रुजत नाही, हे यशवंतरावांनीच दिल्लीला पटवले. ज्यांनी रस्त्यावर लढा दिला त्यांचे आणि हुतात्म्यांचे श्रेय पहिले, यात वाद नाही. पण लढ्याचा शेवट सूडाने न होता समेटाने झाला, यात यशवंतरावांचा वाटा मोठा आहे. ३० एप्रिल १९६० च्या मध्यरात्री राजभवनावर नेहरूंच्या उपस्थितीत महाराष्ट्र राज्य जन्माला आले आणि यशवंतराव त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

गावापर्यंत पोहोचलेले सरकार

त्यांची मुख्यमंत्रिपदाची एकूण कारकीर्द सहा वर्षांची. त्या सहा वर्षांत काय झाले ते पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. १९५८ च्या कायद्याने महार वतन व तशीच इतर कनिष्ठ वतने रद्द झाली आणि पिढ्यानुपिढ्यांच्या गावकीच्या वेठीतून माणसे मोकळी झाली. बाबासाहेबांबरोबर १९५६ मध्ये ज्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला, त्यांच्या सवलती धर्म बदलला म्हणून गेल्या होत्या. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये राज्यापुरत्या त्या सवलती पुन्हा दिल्या. केंद्राने हा निर्णय घ्यायला १९९० साल उजाडले. धर्म बदलल्यावर सवलत जाते म्हणजे काय होते, हे आपल्या ख्रिस्ती समाजाला वेगळे सांगायला नको.

ज्यांच्या घराचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल त्यांच्या मुलांना, जात कोणतीही असो, फी माफीची सवलत मिळाली. ई. बी. सी. या तीन अक्षरांनी ती गावोगावी ओळखली जाई. आपल्या धर्मग्रामातल्या साठीपुढच्या मंडळींना शाळेतले ते फॉर्म आठवत असतील. १९६१ साली साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा निघाली. साहित्य संस्कृती मंडळ स्थापन होऊन त्याचे अध्यक्षपद तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे गेले आणि त्यातूनच मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तो १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा. वसंतराव नाईक यांच्या समितीने शिफारशी केल्या आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाना, गावचा रस्ता, पिण्याचे पाणी, शेतीची मदत, या गोष्टींचा कारभार निवडून आलेल्या स्थानिक माणसांच्या हाती आला. गगनबावड्यासारख्या डोंगरातल्या, पावसाने वेढलेल्या लहानशा तालुक्याला याचा अर्थ फार मोठा होता. करूळ घाटाच्या तोंडावरच्या वाडीत शाळाखोली हवी की नको, हे मुंबईत बसून कळत नाही. या कायद्यातून पुढे गटबाजी आली, टक्केवारी आली, हेही खरे. पण सामान्य शेतकऱ्याचा मुलगा सभापतीच्या खुर्चीवर बसू शकतो, हा विश्वास याच कायद्याने दिला.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. ज्या शहरात यशवंतराव विद्यार्थी म्हणून आले होते, तेथे त्यांच्या सरकारने विद्यापीठ उभे केले. त्यानंतर तीनच दिवसांनी ते देशाचे संरक्षणमंत्री झाले.

दिल्लीची बावीस वर्षे

चीनने आपल्या सैन्याचा दारुण पराभव केला होता. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले आणि नेहरूंनी यशवंतरावांना बोलावून घेतले. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी शपथ घेतली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे लोक तेव्हापासून म्हणू लागले. १९६३ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. खचलेल्या सैन्याला उभे करणे हे काम भाषणांचे नव्हते. त्यांनी सेनाधिकाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले, मंत्री आणि सेनापती यांच्यात तुटलेला विश्वास पुन्हा जोडला, डोंगरी लढाईसाठी नव्या डिव्हिजन उभारल्या. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले, तेव्हा हवाई दल वापरण्याची परवानगी त्यांनी त्याच संध्याकाळी, वेळ न दवडता दिली. पंतप्रधान शास्त्रीजी आणि यशवंतराव या दोन मवाळ स्वभावाच्या माणसांनी ते युद्ध खंबीरपणे निभावले.

नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले, जून १९७० मध्ये अर्थमंत्री. बांगलादेशातून आलेले निर्वासित, १९७१ चे युद्ध, १९७२ चा दुष्काळ आणि त्यानंतरची तेलाची भाववाढ, हे सारे त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या वाट्याला आले. १९७३ च्या अंदाजपत्रकात ५५० कोटींची तूट होती आणि लोकांनी त्याला काळे अंदाजपत्रक म्हटले. ऑक्टोबर १९७४ मध्ये त्यांच्याकडे परराष्ट्र खाते आले. राज्याच्या विधिमंडळापासून सुरुवात करून केंद्रातली ही चारही मोठी खाती सांभाळणारे फार थोडे लोक आपल्या देशात झाले.

मात्र याच वर्षांत त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजू दिसू लागली. १९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसचा उमेदवार ठरवताना त्यांनी इंदिरा गांधींच्या मताविरुद्ध संजीव रेड्डी यांच्या बाजूने मत दिले. त्यावरून पक्ष फुटायच्या बेतात आला तेव्हा दोन्ही गट एकत्र राहावेत म्हणून ते झटले, आणि अखेर पक्ष फुटला तेव्हा इंदिराजींबरोबर राहिले. ज्यांना सोडले त्यांनी त्यांना दुबळे म्हटले, ज्यांच्याबरोबर राहिले त्यांनी त्यांच्यावर पुरता विश्वास कधी टाकला नाही.

मग २५ जून १९७५ ची रात्र आली. आणीबाणीवर राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी ते सांगण्यात आले. जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई आणि असंख्य लहानथोर कार्यकर्ते रातोरात तुरुंगात गेले होते. वर्तमानपत्रांवर बंधने आली. यशवंतराव त्या मंत्रिमंडळात होते. त्यांनी राजीनामा दिला नाही. १९७७ च्या निवडणुकीपर्यंत ते परराष्ट्रमंत्री राहिले. झेंड्यासाठी १८ महिने तुरुंगात गेलेल्या आणि आईने माफी मागू न दिलेल्या त्या मुलाची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला चार मूलभूत सद्गुण शिकवले गेले : सुज्ञपणा, न्याय, धैर्य आणि संयम. संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणीचे सार असे, की हे चार सद्गुण एकमेकांना धरून असतात. त्यांपैकी एक सुटला की उरलेल्यांचाही रंग बदलतो. यशवंतरावांकडे सुज्ञपणा विपुल होता. प्रतापगडावर त्याच्या जोडीला न्याय होता, १९६५ मध्ये धैर्य होते. १९७५ मध्ये सुज्ञपणा एकटाच उरला. धैर्याशिवाय उरलेला सुज्ञपणा म्हणजे सावधगिरी. ती माणसाला वाचवते, पण त्याचे म्हणणे कुणाला ऐकू येत नाही.

हे आम्ही न्यायाधीश होऊन लिहीत नाही. पूर्वीच्या एका नेमणुकीत दोन भावांमध्ये बांधावरून तंटा होता. थोरल्याने धाकट्याच्या जमिनीत बांध सरकवला होता, हे आम्हाला ठाऊक होते. दोघे एका बाकावर बसून मिस्सा ऐकावी, या इच्छेने आम्ही धाकट्याला सोडून देण्यास सांगितले. त्याने ऐकले. घरात शांतता झाली, पण जमीन गेली ती गेलीच, आणि काही दिवसांनी धाकटा देवळात येईनासा झाला. सांभाळून घेण्याच्या नावाखाली आम्ही कोणाला सांभाळले होते, हा प्रश्न आम्हाला अजून सुटलेला नाही.

उतरती संध्याकाळ

१९७७ मध्ये काँग्रेस हरली. यशवंतराव साताऱ्यातून निवडून आले आणि लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. १९७८ मध्ये काँग्रेस पुन्हा फुटली, तेव्हा या वेळी ते इंदिराजींबरोबर गेले नाहीत. जुलै १९७९ मध्ये त्यांनी पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. ज्यांच्या हाताखाली १९४६ मध्ये कामाला सुरुवात केली, त्यांच्याच सरकारवर. मोरारजींनी राजीनामा दिला आणि चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात यशवंतराव उपपंतप्रधान झाले. ते सरकार संसदेला सामोरे न जाताच महिन्याच्या आत कोसळले आणि जानेवारी १९८० पर्यंत केवळ काळजीवाहू म्हणून राहिले. त्यांचे सर्वांत मोठे पद हेच त्यांचे सर्वांत पोकळ पद ठरले.

पुढे ते इंदिराजींच्या काँग्रेसमध्ये परतले. त्यांना मंत्रिपद मिळाले नाही, आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. ज्यांनी त्यांच्यापुढे माना लववल्या होत्या त्यांची ये-जा कमी झाली. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. विवाहाच्या वाढदिवसाला एक दिवस उरला होता. त्यानंतर यशवंतराव मनाने उभे राहिलेच नाहीत, असे जवळची माणसे सांगत. या एकांतात त्यांचे वाचन आणि लेखन सुरू होते. 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र १९८४ साली प्रसिद्ध झाले. ते १९४६ पर्यंतच येते. पुढचे भाग लिहायचे राहून गेले. मंत्रिपदांचा काळ त्यात नाही, आई आहे, भाऊ आहेत, तुरुंग आहे, कोल्हापूरचे कॉलेज आहे.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराजींची हत्या झाली. त्यानंतर महिना पुरा होण्याआधीच, २५ नोव्हेंबरला, यशवंतरावांनी डोळे मिटले. त्यांना कराडला आणले गेले आणि कृष्णा व कोयना जेथे समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमावर अंत्यसंस्कार झाले. तेथे आज त्यांची समाधी आहे. त्यांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तके कराडमध्येच, वेणूताईंच्या स्मारकात जपली आहेत.

आपल्यातील काहीजण ग्रामपंचायतीत आहेत, काहीजण सोसायटीत, काही भगिनी बचत गटात. घराघरांत तर सांभाळून घेणारे एक तरी माणूस असते आणि त्याच्यावरच घर उभे असते. अशा सर्वांनी यशवंतरावांचे चरित्र जरूर वाचावे. चार माणसे तोडणे सोपे, जोडणे अवघड, हे त्यातून कळेल. आणि सर्वांना सांभाळताना कुणाच्या हक्काचा बांध सरकत असेल, तर त्या वेळी विठाईसारखे उभे राहावे लागते, हेही कळेल.

या महिन्यात आपल्या मृतांची नावे आपण वेदीजवळच्या पेटीत लिहून टाकतो. राज्याचा आणि देशाचा भार ज्यांनी वाहिला, ज्यांच्या हातून चांगले घडले आणि चुकाही घडल्या, त्या सर्वांना चिरशांती लाभो, अशी प्रार्थना येत्या रविवारी आपण एकत्र करू या.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू